हातातल्या स्कॅनरची एरियल

श्रोतेहो, स्कॅनरबरोबर येणारी बोटभर रबरी एरियल खिशाला सोयीची, कानाला नव्हे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी रेडिओकेंद्र १४५.८ मेगाहर्ट्झवर बोलते, आणि स्थानक आपल्या आभाळातून जाते ते जेमतेम दहा मिनिटांत. तेवढ्यात नुसती खरखर ऐकू आली, तर संधी गेलीच म्हणायची!

तेव्हा एरियल लांबी मोजून घ्या. ७५ ला मेगाहर्ट्झने भागले की पाव लहर मीटरमध्ये मिळते; इथे साधारण ५१ सेंटिमीटर. तेवढीच तार संचाच्या धातूच्या भागाला जोडून खाली लोंबती सोडा. ही शेपटी दिसते गबाळी, पण तिच्यावाचून एरियल अर्धीच, बरे का! आणि स्थानक माथ्यावर आले की एरियल तिरपी धरा. सरळ उभीला नेमके डोक्यावरचेच कमी ऐकू येते.