जुन्या रायफलीचा नवा दस्ता

पोलिसाच्या खांद्यावरील 'थ्री-नॉट-थ्री' आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. ब्रिटिश सैन्यानें १९०७ सालीं पत्करलेली ती ली-एन्फील्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जुन्या लष्करी रायफली अमेरिकेंत व कॅनडांत शिकाऱ्यांनीं विकत घेतल्या, आणि पहिली कुऱ्हाड कोसळली ती लांकडावर. वजन घटविण्यासाठीं पुढचें लांकूड कापण्याची तेव्हां हौसच होती! आज तेंच अखंड लांकूड शोधीत संग्राहक हिंडतात.

निवडतांना प्रथम नमुना ओळखावा. या रायफलीस मागाहूनच्या 'नंबर चार' नमुन्याचें लांकूड बसत नाहीं. मागील दस्ता अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकानें निरनिराळ्या लांबींचा निघे. आपल्या हातास जुळेल तो घेतला, कीं वेगळी रबरी गादी बहुधा लागत नाहीं.

खरी मेख आंत आहे. दस्ता आवळणाऱ्या लांब बोल्टाचें चौकोनी टोंक पुढील लांकडांतल्या पट्टींत अडकलेलें असतें. तें लांकूड आधीं न उतरवितां बोल्ट फिरविला, कीं तें चिरलेंच! शिवाय, गोळी सुटतांना बसणारा धक्का जेथें लांकूड सोसतें, तेथें तें घट्ट टेकलें नाहीं तर नेमहि बिघडतो. ऑस्ट्रेलियांतील लिथगोच्या कारखान्यानें त्या जागीं तांब्याचे तुकडे बसविले. आपल्या ईशापूरनें लांकडांतून आडवा स्क्रू घातला.

प्लास्टिकचा दस्ता पावसांत फुगत नाहीं, हें खरें. मला मात्र तो त्या पोलादाशीं परका वाटतो. दुर्बिणीसाठीं पोलादास भोंकें पाडणें तर नकोच. अक्रोडाच्या लांकडास जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावे, आणि प्रत्येक हात पुरता वाळूं द्यावा.