एकाच प्रतीचा पापड
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी नव्हे, पापड लाटणारी. तेव्हा बोलेन ते पापडाविषयीच.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे! हाच पुढे ‘लिज्जत’ म्हणून नावारूपास आलेला उद्योग. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक हलका, स्वस्तात विकावयाचा. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले की, प्रत एकच ठेवा, आणि तीत तडजोड नको. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

हे आज सांगण्याचे कारण आपल्या घरचेच आहे. गेल्या दिवाळीपूर्वी एका दुकानदाराने साठ किलो पापड मागितले. अट एवढीच, की उडदात वाटाण्याचे पीठ मिसळावे. वेष्टन मात्र मंडळाचेच! खरे सांगते, दोन दिवस माझ्या तोंडून ‘नाही’ निघाले नाही. आपल्यातल्या तिघींची चूल या लाटण्यावरच पेटते. शेवटी डांगर कुटता कुटता आपल्या सर्वांत वडील काकूंनी विचारले, “हे पापड तू आपल्या वाड्यात विकशील का गं?” मला उत्तर देववेना.

मागणी परत केली. त्या महिन्यात वाटणी कमी आली. एकीचा राग अजून गेलेला नाही, आणि तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. उद्या आठ वाजता डाळ निवडावयाची आहे; तिला बोलावण्यास मीच जाणार आहे.