दोन राजांचा एक सरदार

उत्तर फ्रान्समध्ये पिकार्डी नावाचा प्रांत आहे. तिथे एका टेकडीवर कूसी हे लहानसे गाव वसलेले आहे आणि गावाच्या कडेला एका प्रचंड किल्ल्याचे अवशेष पडलेले आहेत. या किल्ल्याचा मुख्य बुरूज सुमारे ५५ मीटर उंच होता. त्याचा घेर एवढा, की आत एखादा वाडा सहज मावावा. तेराव्या शतकात बांधलेला हा बुरूज सातशे वर्षे उभा राहिला. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने २८ टन स्फोटके ठासून तो उडवून दिला. आता तिथे दगडांचा ढिगारा आहे.

बुरूज बांधला तो आंगेरां द कूसी या सरदाराने. या घराण्यात मुलाचे नाव ठेवताना कुणी फार डोके शिणवीत नसावे. पहिला आंगेरां, दुसरा आंगेरां, असे करत करत सातव्यापर्यंत गाडी येते. बुरूज तिसऱ्याचा, आणि मी आपल्याला सांगणार आहे ती हकीकत सातव्याची, म्हणजे शेवटच्याची. घराण्याचे एक ब्रीद होते. त्याचा भावार्थ असा, की मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही. मी कूसीचा धनी आहे, एवढे पुरे. या एका वाक्यात किती मगरूरी भरली आहे पाहा! राजाने पदवी द्यावी आणि आपण ती मिरवावी, याचीसुद्धा या मंडळींना गरज वाटत नव्हती.

सातव्या आंगेरांचा जन्म इ. स. १३४०च्या सुमाराचा. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले शंभर वर्षांचे युद्ध तेव्हा नुकतेच पेटले होते. पोर सहा-सात वर्षांचे असताना, १३४६ साली, बाप गेला. आई ऑस्ट्रियाच्या ड्यूकची मुलगी, हॅब्सबर्ग घराण्यातली. तिने दुसरे लग्न केले, आणि १३४९मध्ये प्लेगच्या मोठ्या साथीत तीही गेली. म्हणजे नवव्या वर्षी हा मुलगा फ्रान्समधल्या एका बलाढ्य जहागिरीचा मालक होता आणि पोरकाही होता.

त्याचे पहिले ठळक कृत्य काही अभिमानाने सांगावे असे नाही. १३५८ साली उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध बंड केले. राजा शत्रूच्या कैदेत, लुटारू टोळ्या मोकाट, आणि कर मात्र दुप्पट. शेतकऱ्यांनी वाडे जाळले, माणसे मारली. सरदारांनी त्याचा सूड उगवला तो याहून भयंकर. आपल्या मुलखातली बंडखोरांची कत्तल करण्यात अठरा वर्षांचा कूसी पुढे होता. हाच माणूस दहा वर्षांनी, १३६८ साली, आपल्या जहागिरीतल्या २२ गावांना सनद देतो आणि तिथल्या कुळांना वेठबिगारीच्या बंधनांतून मोकळे करतो. मेलेल्या कुळाची मालमत्ता धन्याने घ्यायची, धन्याच्या हद्दीबाहेर लग्न करायचे तर त्याची परवानगी काढायची, असली ती बंधने. एकदम दया उपजली म्हणावे तर तसेही नाही. सनदेतच कारण दिले आहे, की या जाचाला कंटाळून लोक जमीन टाकून दुसरीकडे निघून जातात. प्लेगने माणसे आधीच कमी झालेली; नांगर धरायला हात उरले नाहीत, तर किल्ल्यात बसून खायचे काय? शिवाय मोकळीक फुकट नव्हती, दर वर्षी ठरावीक रक्कम भरायची होती. तरी दिली हे खरे, आणि आपल्या वडिलांच्या मनात हे होते, पण मृत्यूमुळे राहून गेले, असेही तो त्यात नमूद करतो.

पण मी जरा पुढे गेलो. मधल्या काळात त्याच्या आयुष्याला एक विलक्षण वळण मिळाले होते. फ्रान्सचा राजा झां १३५६ साली प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला. १३६० साली तह झाला आणि राजाची सुटका ठरली, ती ३० लाख सुवर्णमुद्रांच्या खंडणीवर. एवढी रक्कम एकदम कुठून येणार? ती फिटेपर्यंत फ्रान्सचे बडे सरदार ओलीस म्हणून इंग्लंडला जाऊन राहायचे होते. कूसी त्यांतला एक. ओलीस म्हटले की अंधारकोठडी डोळ्यांपुढे येते, पण इथे प्रकार निराळा होता. दोन्हीकडचे सरदार फ्रेंचच बोलणारे, एकमेकांचे दूरचे नातेवाईक. शिकारी, मेजवान्या, नाचगाणी असा सगळा थाट. फ्र्वासार हा बखरकार त्या वेळी इंग्लंडच्या राणीच्या पदरी होता. तरुण कूसी किती सुरेख नाचतो आणि गातो, याचे त्याने कौतुक करून ठेवले आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याची थोरली मुलगी इझाबेला. राजाची भारी लाडकी; उधळी इतकी की तिची कर्जे बापाने पुनःपुन्हा फेडावीत. तिची काही लग्ने ठरून मोडली होती. त्यांतले एक तर तिनेच आयत्या वेळी मोडले. नवऱ्या मुलाकडे न्यायला जहाजे सज्ज झाली आणि ही किनाऱ्यावरून माघारी फिरली! तेहतीस वर्षांची झाली तरी अविवाहित, ही त्या काळी राजकन्येच्या बाबतीत नवलाची गोष्ट. तिला हा पंचविशीतला फ्रेंच ओलीस आवडला. १३६५ साली विंडसरला दोघांचे लग्न झाले. सासऱ्याने जावयाची खंडणी माफ केली, त्याला बेडफोर्डचा अर्ल केले आणि गार्टर या मानाच्या सरदारमंडळात घेतले. मारी आणि फिलिपा अशा दोन मुली झाल्या. धाकटी इंग्लंडमध्ये जन्मली.

आता खरी अडचण कोणती ते पाहा. त्या काळची निष्ठा देशाशी नसे, ती माणसाशी असे. सरदाराने धन्यापुढे गुडघे टेकायचे, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत द्यायचे आणि म्हणायचे, मी तुझा माणूस. धन्याने जमीन द्यायची, त्याने लढाईला यायचे. एकाच सरदाराचे दोन धनी असू शकत. ते दोघे भांडू लागले तर कुणाकडून लढायचे याचेही नियम होते. पण नियम करणाऱ्यांनी असे प्रकरण कल्पिले नसावे. कूसी जन्माने फ्रान्सच्या राजाचा माणूस. लग्नाने, पदवीने आणि शपथेने इंग्लंडच्या राजाचा. आणि १३६९ साली दोन्ही राजांचे युद्ध पुन्हा सुरू झाले.

त्याने काय केले? तो निघून गेला. आल्प्स ओलांडून इटलीत उतरला आणि पोपच्या बाजूने तिथल्या लढायांत पडला. सासऱ्यावर तलवार उचलायची नाही आणि आपल्या राजावरही नाही, म्हणून तिसऱ्याच ठिकाणी तलवार चालवायची! १३७५ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये तात्पुरता तह झाला, तेव्हा आईच्या वारशाने आपल्याला हॅब्सबर्गांच्या जमिनी मिळायला हव्यात, हा जुना दावा त्याने उकरून काढला आणि रिकाम्या बसलेल्या भाडोत्री टोळ्या गोळा करून तो स्वित्झर्लंडकडे चालून गेला. फ्रान्सच्या राजाला हे सोयीचेच होते. लुटारू परभारे परदेशी जात होते. स्वारी फसली. डिसेंबरच्या थंडीत तिथल्या शेतकऱ्यांनी आणि बर्नच्या नागरिकांनी रात्री-बेरात्री छापे घालून या टोळ्यांचा धुव्वा उडवला.

मध्ययुगाचा हा भाग वर्गात शिकवताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘सर, मग हा देशभक्त की देशद्रोही?’ मी त्याला सांगतो, बाबा रे, हा प्रश्न तू तुझ्या शतकातून विचारतो आहेस. पण पुढे मला हेही कबूल करावे लागते, की तो प्रश्न तेव्हा अगदीच गैरलागू नव्हता. युद्ध लांबले तसतसा सामान्य फ्रेंच माणूस इंग्रजाला परका म्हणू लागला होता. वर्षानुवर्षे तटस्थ राहणाऱ्याकडे लोक कशा नजरेने पाहत असतील, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

जून १३७७मध्ये म्हातारा एडवर्ड वारला. गादीवर त्याचा नातू दुसरा रिचर्ड बसला, वय वर्षे दहा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कूसीने त्याला पत्र धाडले. फ्रान्सचा राजा हा आपला जन्मजात धनी असून त्याची सेवा करणे आपले कर्तव्य आहे, असे कळवून त्याने इंग्लंडमधल्या पदव्या आणि जमिनी सोडून दिल्या आणि गार्टरचा सन्मानही परत केला. सासरा जिवंत असेतो त्याने हे केले नाही, ही गोष्ट माझ्या मते ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याला शपथेपेक्षा त्या माणसाची भीड अधिक होती.

फ्रान्सला या निर्णयाचा फायदाच झाला. कूसी हा तिथला सर्वांत विश्वासू सेनानी आणि वकील ठरला. १३८०मध्ये सरसेनापतीचे पद रिकामे झाले, तेव्हा ते त्याला देऊ केले गेले; त्याने नम्रपणे नाकारून दुसऱ्याचे नाव सुचवले. घरात मात्र या निर्णयाने उभी फाळणी झाली. इझाबेला माहेरी गेली ती परतली नाही आणि काही वर्षांतच वारली. थोरली मारी फ्रान्समध्ये बापाकडे, धाकटी फिलिपा इंग्लंडमध्ये आईकडे. दोन सख्ख्या बहिणी, मध्ये समुद्र, आणि समुद्रावर युद्ध.

फिलिपाची कहाणी वाचताना मन कष्टी होते. ती लहान असतानाच तिचे लग्न ऑक्सफर्डचा तरुण अर्ल रॉबर्ट द व्हिअर याच्याशी लावले होते. हा राजा रिचर्डचा जिवलग मित्र. राजाने त्याला शेवटी आयर्लंडचा ड्यूक केले. १३८७मध्ये या गृहस्थाने राणीबरोबर बोहेमियातून आलेल्या एका सखीसाठी फिलिपाला टाकले. पोपकडून लग्न रद्द केल्याचा हुकूमही मिळवला. फिलिपा राजाची सख्खी आतेबहीण, पण राजा मित्राच्या बाजूला! तिचे मामे मात्र खवळले. तिच्या बाजूने उभी राहिली ती खुद्द तिची सासू. तिने मुलाला शिव्याशाप दिले आणि सुनेला आपल्याजवळ ठेवून घेतले. बाप शत्रूच्या देशात; तो संतापण्यापलीकडे काय करणार? त्याच वर्षअखेर द व्हिअर लढाईत हरून परदेशी पळाला आणि १३९२ साली तिकडेच मेला. फिलिपा १४११पर्यंत जगली.

कूसीने १३८६ साली लोरेनच्या ड्यूकच्या मुलीशी दुसरे लग्न केले. तिच्यापासूनही मुलगीच झाली. एवढ्या घराण्याला औरस मुलगा नाही.

शेवटची मोहीम १३९६ची. तुर्कांचा सुलतान बायझीद याला रोखण्यासाठी हंगेरीच्या राजाने मदत मागितली आणि फ्रान्सचे सरदार मोठ्या डामडौलात डॅन्यूबकाठी निघाले. सेनापती बर्गंडीच्या ड्यूकचा पंचविशीतला मुलगा. कूसी पन्नाशी उलटलेला, त्याचा सल्लागार. बरोबर मारीचा नवरा आंरी द बार हाही होता. निकोपोलिसपाशी २५ सप्टेंबरला गाठ पडली. हंगेरीच्या राजाचे म्हणणे, आधी आमचे पायदळ पुढे जाऊ द्या, तुमचे घोडेस्वार मागून येऊ द्या. कूसीने मान डोलावली. पण आघाडीवर राहण्याचा मान सोडायचा म्हणजे काय, असे म्हणून तरुण सरदार उसळले, आणि म्हाताऱ्यांचे ऐकले गेले नाही. टेकडी चढता चढता घोडे थकले, वर पोचतात तो सुलतानाचे ताजे सैन्य समोर. दुसऱ्या दिवशी हजारो कैद्यांची कत्तल झाली. मोठी खंडणी मिळेल असे थोडे सरदार राखले गेले, त्यांत कूसी होता. वयाच्या विसाव्या वर्षी तो ओलीस होऊन इंग्लंडला गेला होता, तेव्हा त्याला राजकन्या मिळाली. या वेळी पायी चालवत गॅलिपोलीला नेले, तिथून समुद्रापार बुर्साला. खंडणीची बोलणी चालू असतानाच, १८ फेब्रुवारी १३९७ रोजी, तो तिथे मरण पावला. जावई सुटला, पण परतीच्या वाटेवर वारला.

एका मोहिमेत मारीचा बापही गेला आणि नवराही. मागे सावत्र आईशी वारशाचा तंटा. त्यातच राजाचा भाऊ, ऑर्लेआंचा ड्यूक लुई, याचा त्या जहागिरीवर डोळा. एकट्या बाईवर किती दडपण आले असेल ते सांगायला नको. १४०० साली तिने कूसी त्याला विकले. किंमत ठरली ४ लाख लिव्र. ती सगळी तिच्या हाती कधीच पडली नाही. १४०५मध्ये एका लग्नाच्या मेजवानीनंतर ती अचानक वारली, आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली.

तिला रॉबेर नावाचा एक मुलगा होता. स्वासांची जहागीर त्याच्याकडे आली होती. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आझँकूरच्या चिखलात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने फ्रेंच सैन्याची वाताहत केली, तेव्हा रॉबेर फ्रान्सच्या बाजूने लढताना मारला गेला. पाचवा हेन्री हा तिसऱ्या एडवर्डचा पणतू. रॉबेरही त्याचाच पणतू, इझाबेलाच्या मुलीचा मुलगा.