दुरुस्तीचे काम कोणी करायचे?



मोबदला नसेल तर माणूस श्रम करील काय, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे आणि पाठ्यपुस्तके त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी देतात. गेल्या चार दशकांत संगणकाच्या क्षेत्रात जे घडले, त्याने हे उत्तर निदान अर्धे तरी खोटे ठरवले आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगापुढे खुला ठेवला. आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी ही रीत. तिलाच मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात. आज जगातील बहुसंख्य मोबाइल फोन याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतात. खाजगी मालकीवाचून एवढे मोठे उत्पादन उभे राहू शकते, ही गोष्ट भांडवलशाहीच्या पुरस्कर्त्यांना अजूनही नीट पचलेली नाही.

परंतु वर ‘अर्धे’ हा शब्द वापरला आहे, तो जाणूनबुजून. श्रमदानातून विहीर खणावयाची म्हटले की गाव लोटते. दहा वर्षांनी त्याच विहिरीतला गाळ उपसायला चार माणसे मिळवणे कठीण जाते. आज्ञावलीचेही तसेच आहे. नवी आज्ञावली लिहिण्यात निर्मितीचा आनंद असतो, नावही होते. तिच्यातला दोष, ज्याला त्या व्यवसायात ‘बग’ म्हणतात, तो काढणे हे काम निराळ्या जातीचे आहे. कोणी तरी मोघम तक्रार करतो की अमुक बंद पडते. ते कधी आणि कशाने बंद पडते हे प्रथम शोधावे लागते, आपल्या यंत्रावर ते तसेच घडवून पाहावे लागते, दुसऱ्याने लिहिलेला मजकूर रात्र रात्र वाचावा लागतो. आणि अखेरीस बदल होतो तो एका ओळीचा. ती ओळ कोणाला दिसत नाही. तक्रार करणारा मात्र उशीर झाला म्हणून बोल लावतो.

एरिक रेमंड यांनी १९९७ साली असा सिद्धांत मांडला की मजकूर पुरेशा लोकांच्या नजरेखाली असला म्हणजे दोष लपून राहत नाहीत. हा सिद्धांत आकर्षक आहे. तथापि वाचण्याची मुभा असणे आणि कोणी प्रत्यक्ष वाचणे यांत अंतर असते. ओपनएसएसएल ही आज्ञावली इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचे रक्षण करते. तिच्यात २०११ सालच्या अखेरीस एक चूक शिरली. समोरून आलेल्या निरोपाची लांबी सांगितली तेवढीच आहे काय, हे तपासायचे राहून गेले. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, जगभरच्या लक्षावधी सर्व्हरांची स्मृती चोरून वाचता येईल असे दार उघडे राहिले. ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष गाजला. त्या वेळी या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. ज्या कंपन्यांचा अब्जावधींचा व्यापार या आज्ञावलीच्या भरवशावर चालला होता, त्यांनी तिला दिलेली दक्षिणा ती एवढी! दोष सापडला तोही गूगल आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपन्यांच्या पगारी तज्ज्ञांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. मग घाईघाईने त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला.

तेव्हा पैसे द्यावेत म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच खरी गुंतागुंत आहे, आणि ती समजण्यासाठी डेबियनचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली संस्था. आपल्या नेत्याची ती दरवर्षी मतदानाने निवड करते, आणि आपले दोष लपवायचे नाहीत असे तिच्या १९९७ च्या सामाजिक करारातच लिहिलेले आहे. गंभीर दोष निस्तरल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर काढायची नाही, या नियमामुळे तिच्या आवृत्त्यांना उशीर होई. २००२ नंतरची आवृत्ती आली ती एकदम २००५ मध्ये. म्हणून २००६ साली काही मंडळींनी ‘डंक-टँक’ नावाचा उपक्रम काढला. देणग्या गोळा करावयाच्या आणि आवृत्तीचे काम पाहणाऱ्या दोघांना प्रत्येकी एक महिना मानधन द्यावयाचे, म्हणजे डिसेंबर २००६ ची मुदत पाळता येईल, अशी योजना. योजनेत वावगे काय होते? तरीही संस्थेत वादळ उठले. दोघांनाच का, ते कोणी ठरवले, इतरांच्या फुकट श्रमाची किंमत मग काय, असे प्रश्न निघाले. पूर्वी मनापासून काम करणाऱ्या काहींनी आपला हात आखडता घेतला. काहींनी उपरोधाने ‘डंक-बँक’ काढून दोष शोधून काढण्याची मोहीमच सुरू केली, जेणेकरून आवृत्ती लांबावी. नेत्याला परत बोलावण्याचा ठरावही आला. तो फेटाळला गेला. आवृत्ती बाहेर पडली ८ एप्रिल २००७ रोजी, मुदतीनंतर चार महिन्यांनी.

सर्व दोष मानधनाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आवृत्त्या लांबण्याची सवय त्यापूर्वीचीच होती. परंतु रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या संदर्भात जो इशारा दिला होता, की दानाच्या जागी बाजार आला म्हणजे दातृत्वाची प्रेरणाच झिजते, त्याचे प्रत्यंतर येथे आले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनावरून ज्या संघटनांत कधी वाद झाला आहे, त्यांना ही हकीकत परकी वाटू नये.

उलट उदाहरण डोनाल्ड क्नुथ यांचे. आपल्या पुस्तकात कोणी चूक दाखवली तर हा गणिती २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवी. ही रक्कम श्रमाच्या मानाने हास्यास्पद होती. परंतु हे धनादेश बहुतेकांनी वटवले नाहीत. चौकटीत बसवून भिंतीवर लावले. २००८ पासून क्नुथ यांनी खरे धनादेश बंद करून एका काल्पनिक बँकेची प्रशस्तिपत्रे देण्यास प्रारंभ केला, तरी त्यांची मातब्बरी कमी झाली नाही. येथे पैसा मोबदला म्हणून आला नव्हता. एका कसलेल्या कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती पोच होती. जोश लर्नर आणि जाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली अशा लौकिकाचा हिशेब मांडून स्वयंसेवकांचे वर्तन समजावून दिले. तो हिशेब खरा आहे; पण ज्याला मुळात लौकिक नाही, त्या गाळ उपसण्याच्या कामापाशी तोही थबकतो.

बक्षिसांच्या खुल्या योजनांचे काय होते, हे कर्ल या आज्ञावलीने पाहिले. सुरक्षेतील दोष दाखवणाऱ्यास तिने २०१९ पासून बक्षीस ठेवले. पुढे यंत्राकडून लिहवून घेतलेल्या, वरवर पांडित्यपूर्ण आणि आतून पोकळ अशा तक्रारींचा पूर आला. त्या वाचण्यातच मोजक्या माणसांची शक्ती खर्ची पडू लागली आणि जानेवारी २०२६ अखेर योजना गुंडाळावी लागली. बक्षिसाने तक्रारी वाढल्या. दुरुस्ती करणारे हात तेवढेच राहिले.

मग माणसे टिकतात ती कशाने? डेबियनमध्ये दोन गोष्टी उपयोगी पडलेल्या दिसतात. एखाद्याच्या ताब्यातील आज्ञावलीत गंभीर दोष राहिला तर ठरलेल्या रीतीने इतर कोणी सभासद तो काढू शकतो. मालकीचा अहंकार आड येत नाही. दुसरे, दोष निपटण्यासाठी ही मंडळी शनिवार-रविवारी एकत्र जमतात, शेजारी शेजारी बसून काम करतात, नवख्याला जुना शिकवतो. एकट्याला जे कंटाळवाणे, तेच दहाजणांत सुसह्य होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक संपत्तीच्या अभ्यासात नियम स्वतः करणाऱ्या समूहांचे जे महत्त्व दाखवले, ते येथे लागू पडते.

एकट्यावर भार टाकण्याचे मोल किती, हे २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड ही फायली आवळून लहान करणारी आज्ञावली एकच माणूस वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळत होता. तो थकला होता. अनोळखी नावांनी त्याच्यावर दिरंगाईचे आरोप केले आणि २०२१ पासून साळसूदपणे मदत करणाऱ्या एका टोपणनावाच्या हाती हळूहळू अधिकार गेले; त्या मदतनिसाने चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला, म्हणून ती उघडकीस आली. थकलेल्या माणसाला पगार हवा होता की नाही, हे दुय्यम आहे. विश्वासाचा जोडीदार हवा होता, हे निश्चित.

पैसा अनावश्यक आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. जे काम कोणी आनंदाने करणार नाही, ते सार्वजनिक खर्चाने व्हावे, आणि खर्च कोणावर करावयाचा हे त्या समूहाला विचारून ठरावे. जर्मन सरकारने २०२२ साली यासाठी निधी स्थापन केला. रस्ते आणि पूल यांच्या देखभालीइतकीच ही राज्याची जबाबदारी मानली. केरळने आपल्या शाळांत मुक्त आज्ञावली रुजवल्या, आणि २०२३ साली डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर काम अगदी हाताशी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवणारा मराठीचा र संगणकात दोन निराळ्या रीतींनी साठवला जातो. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधला तर सापडेलच असे नाही. हा दोष बर्लिनच्या अभियंत्याला दिसणार नाही. तो मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल, आणि त्याची नोंद करण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. कोणता शब्द, कोणत्या आवृत्तीत, काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते, एवढे चार ओळींत लिहिता आले की पुरे.