रस आटतो, गोडवा आटत नाही

आपल्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. या अणुकचऱ्याचं पुढे काय होतं, त्याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

हा कचरा एकाच जातीचा नसतो. कामगारांचे हातमोजे, पुसायची फडकी, कागद यांत किरणोत्सार थोडा, पण ढीग मोठा. जळण्याजोगं ते धूर गाळणाऱ्या भट्टीत जाळतात आणि राख सिमेंटमध्ये पक्की करतात. बाकीचं यंत्राने दाबून पिंपात भरतात.

वापरलेल्या इंधनाची गोष्ट वेगळी. आपल्या देशात त्याला थेट कचरा म्हणत नाहीत. त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. मागे द्रव उरतो थोडा, पण जवळजवळ सगळा किरणोत्सार त्यातच. तो काचेच्या मिश्रणात घालून सुमारे १,००० अंशांवर वितळवतात आणि पोलादी डब्यांत ओततात. तारापूरला असे डबे हवेने थंड ठेवून सांभाळतात.

मग आकार घटला म्हणजे धोका घटला का? नाही. उसाचा रस आटवून गूळ केला, तरी गोडवा कुठे जातो? तसंच हे. दाबून, जाळून किंवा आटवून किरणोत्सार संपत नाही, तो थोड्या जागेत गोळा होतो. जागा कमी लागते, पण पहारा अधिक कडक हवा. या कचऱ्यातलं सिझियम १३७ निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात. आज जन्मलेली लेक साठीची होईल, तेव्हाही त्यातलं पाव हिस्सा उरलेलं असेल.

त्यातलं काही कामालाही येतं. ट्रॉम्बेला हेच सिझियम वेगळं काढून काचेच्या कांड्या बनवल्या आहेत. आपल्या वाशीतली ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था त्या रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रांसाठी पुरवते. असं रक्त दिलं की दात्याच्या पांढऱ्या पेशी अशक्त रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. घरी ओला-सुका कचरा वेगळा केला की त्याचं खत होतं, तसाच हा न्याय.

म्हणून कुणी ‘कचरा कमी केला’ म्हटलं, की आपण पुढचं विचारायचं: उरलेला कुठे ठेवला? कोण सांभाळतं? किती वर्षं? वीज केंद्रांवर देखरेख करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा वार्षिक अहवाल सर्वांना वाचता येतो. बचत गटाच्या बैठकीत एकदा तो उघडून वाचूया.