विशेष शाळा : दया की हक्क?



सक्तीचे व मोफत शिक्षण, समान शाळा, शेजारशाळा या मागण्या समाजवादी चळवळीला नव्या नाहीत. त्यासाठी ठराव झाले, मोर्चे निघाले. परंतु ‘सर्वांना शिक्षण’ या घोषणेतील ‘सर्वां’मध्ये बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल धरलेले असते काय, हा प्रश्न आपल्या सभांतून क्वचितच विचारला जातो. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद केली. एवढ्या मोठ्या समूहाचे शिक्षण हा काही घराण्यांच्या दुर्दैवाचा विषय नव्हे. तो सामाजिक न्यायाचा विषय आहे.

यांपैकी ज्या मुलांना शाळा लाभते, त्यांतील अनेकांची शाळा लहानशी असते : भाड्याच्या दोन-तीन खोल्या, वीस-पंचवीस मुले, मोजक्या शिक्षिका. तेथील अध्यापनाची रीत समजून घेतल्याशिवाय तिचे अर्थकारण उमगत नाही. सदऱ्याचे बटण लावणे ही इतरांच्या लेखी एक कृती. विशेष शिक्षिकेच्या लेखी ती कृतींची साखळी आहे. काज शोधणे, बटण चिमटीत धरणे, ते तिरपे करून काजात सरकवणे, पलीकडून ओढून घेणे : प्रत्येक दुवा वेगळा शिकवावा लागतो. एका मुलाला जे आठवड्यात साधते, त्याला दुसऱ्याला सहा महिने लागतात. हिशेब नाण्यांवरून आणि बसच्या तिकिटावरून शिकवला जातो. ज्याला बोलता येत नाही, तो चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून पाणी मागू लागतो. येथे मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नसते, त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी असते.

हे काम यंत्राने स्वस्त होत नाही. गिरणीत नवा माग आला की एक कामगार अधिक कापड काढतो. पण मुलाच्या हातावर हात ठेवून शिकवणारी शिक्षिका एका वेळी चाळीस हात धरू शकत नाही. म्हणून या शिक्षणाचा दरडोई खर्च अधिक असणारच, आणि म्हणूनच बाजार ते गरिबाला कधीही पुरवणार नाही. आज हा भार पालक वाहतात. शुल्क, उपचारतज्ज्ञ आणि रिक्षाभाडे हा त्यातील दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे मुलासाठी नोकरी किंवा मजुरी सोडणारी आई. तिचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. वस्तुतः शासनाला मिळणारे ते सर्वांत मोठे अनुदान आहे.

मुंबईतील जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तीही स्वतःच्या मुलीला योग्य शाळा मिळेना म्हणून. या प्रयत्नांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पालकांची जिद्द आणि नागरिकांची देणगी यांवर उभी राहणारी व्यवस्था जेथे शिक्षण, पैसा आणि ओळखी असतात तेथेच उभी राहते. ऊसतोडणी कामगाराच्या मुलाने कोणत्या देणगीदाराची वाट पाहावी?

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो. कोठारी आयोगाने १९६६ सालीच अशा मुलांना शक्य तेथवर सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची शिफारस केली. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने जगभर तीच दिशा दाखवली. मग वेगळी शाळा म्हणजे सभ्य बहिष्कारच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलेले, पटावर असलेले आणि शिकवण्यातून वगळलेले मूलही बहिष्कृतच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत शेजारच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. दोन्ही शाळा खरोखर उपलब्ध असतील तरच पसंतीला अर्थ आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वसाधारण शाळांत अशा दहा मुलांमागे प्राथमिक स्तरावर एक व पंधरा मुलांमागे उच्च प्राथमिक स्तरावर एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. तरीही मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही पदे मंजूर करून भरण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले. शिक्षकाविना समावेशन म्हणजे काटकसरीला दिलेले गोंडस नाव.

महाराष्ट्रात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नव्हे, तर आधी सामाजिक न्याय विभागाकडे आणि डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. बदल स्वागतार्ह, पण मुलाचे शिकणे अजूनही ‘कल्याण’ या सदरात मोडते, हे विसरता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? आपल्या प्रभागातील, गावातील एकही शाळाबाह्य विशेष मूल नोंदीवाचून राहू देऊ नये. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आली. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत त्यांच्या पालकांना स्थान मिळाले पाहिजे, हा आग्रह धरावा. चांगले काम करणाऱ्या लहान शाळांतील शिक्षिकांचे वेतन आणि मुलांचा प्रवासखर्च शासनाने उचलावा, आणि त्या शाळांचे कसब शेजारच्या जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांपर्यंत पोहोचवावे, अशी मागणी करावी. शेवटी अठराव्या वाढदिवसाचा प्रश्न. त्या दिवशी कायद्याचा शैक्षणिक आधार संपतो. मुलाचे शिकणे मात्र संपत नाही. संरक्षित कार्यशाळा आणि निवासाची सोय हीही सार्वजनिक जबाबदारी मानली गेली पाहिजे. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न वृद्ध आईबापांनी एकट्याने सोडवावा, असे म्हणणाऱ्या समाजाला समतेचे नाव घेण्याचा अधिकार नाही.