आकडा वॉर्डात परत जाऊ द्या

श्रोतेहो, हात धुवा हे सांगायला मी आलेली नाही. तेवढं तुम्ही जाणता. माझं गाऱ्हाणं मोजणीनंतरचं आहे.

इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर वॉर्डावॉर्डांतून फिरते. किती जखमांत पू झाला, किती जणांना लघवीच्या नळीपायी ताप चढला, सगळं टिपते. महिनाअखेर तक्ता समितीपुढे जातो, सह्या होतात, फाईल कपाटात. ज्या सर्जननं टाके घातले, त्याला त्याचा आकडा कळतच नाही!

अहो, कॅलेंडरवर दुधाचे खाडे आपण मांडतो ते बिलाच्या वेळी दूधवाल्यापुढे धरायला ना? कॅलेंडर कपाटात ठेवलंत तर तो पुऱ्या महिन्याचे पैसे नेईल. दिवाळीत दाखवलंत तर विचारेल, "कुठला मार्च, काकू?" सगळ्या चाळीचे खाडे एकत्र सांगितलेत, तर ते आपले नाहीतच असं म्हणून मोकळा. आणि नुसते पाच खाडे म्हणूनही भागत नाही. रतीब किती दिवसांचा होता? म्हणूनच नळी किती दिवस होती ते मोजायचं आणि संसर्ग हजार नळी-दिवसांमागे सांगायचा.

रुग्णालयांतल्या संसर्गांवरच्या, अमेरिकेतल्या 'सेनिक' अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ मध्ये छापून आले. जिथे पाहणी आणि प्रतिबंध दोन्ही भक्कम होते, तिथे संसर्ग ३२ टक्के घटले. जिथे नव्हते, तिथे १८ टक्के वाढले. शस्त्रक्रियेच्या जखमांबाबत तर सर्जनला त्याचा दर कळवणं हा त्या भक्कमपणाचाच भाग होता. पुढे मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन घालण्याचे पाच साधे नियम पाळले. नियमांचं कौतुक सगळे करतात. पण तिथल्या प्रत्येक चमूला आपला आकडा नियमानं कळवला जात होता, हे कोणी सांगत नाही. अठरा महिन्यांत लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग दोन-तृतीयांशांनी उतरले.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: आकडा ज्याचा त्याला, आणि त्याच महिन्यात.

फक्त तो दाखवून कोणाला झापू नका. झापलंत की पुढच्या महिन्यापासून शून्य येईल. कल्चरच पाठवलं नाही तर जंतू सापडणार कुठून? त्या शून्याची पडताळणी कशी करायची, यावर बोलायचं होतं, पण निवेदक घड्याळ दाखवताहेत. तोवर शून्यवाल्या वॉर्डातही सिस्टरला पाठवत जा.